गिटारीचा आवाज कोठे असतो?

न्यूयॉर्क शहराच्या ग्रेनिच व्हिलेज या भागात वॉशिंग्टन स्क्वेअर नावाचे एक उद्यान आहे. त्याच्या मध्यभागी एक मोठे वर्तुळाकार कारंजे आहे. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास दर रविवारी दुपारी या कारंज्याभोवती गिटार घेऊन येणाऱ्या मंडळींचे मेळे जमू लागले. त्यांत पेशाने वादक असलेले थोडे, हौशीच फार. हा प्रघात पुढे वर्षानुवर्षे चालला. १९६१ सालच्या वसंत ऋतूत उद्यानखात्याने या मेळ्यांना परवाना नाकारला, तेव्हा ९ एप्रिल रोजी शेकडो लोक वाद्यांसह तेथे जमले, पोलिसांशी झटापट झाली, कित्येकांना धरून नेण्यात आले. आणि काही आठवड्यांतच खात्याला आपला हुकूम मागे घ्यावा लागला. ज्यासाठी लोकांनी एवढी तोशीस सोसली तो जलसा नव्हता. तेथे व्यासपीठ नव्हते, तिकीट नव्हते, आणि गाणारे कोण व ऐकणारे कोण अशी निश्चित वाटणीही नव्हती. एकाने तबकडीवरून शिकलेले एखादे गाणे म्हणावे, भोवतालच्यांनी त्याच्या डाव्या हाताची बोटे निरखावी, आणि तेच गाणे पुढच्या रविवारी दुसऱ्याने आपल्या पद्धतीने म्हणावे, एवढाच तेथील व्यवहार होता.

अशा मेळ्याचा आणखी एक भाग असतो, आणि तो जगात जेथे जेथे दोन हौशी गिटारवादक एकत्र येतात तेथे तेथे आढळतो. गाणे संपले की वाद्यांची तुलना सुरू होते. “जरा तुमची गिटार पाहू” असे म्हणून एकजण दुसऱ्याचे वाद्य मांडीवर घेतो, दोन-चार तारा छेडतो, पाठीमागचे लाकूड उजेडात धरून पाहतो, आणि किंमत विचारतो. हे लाकूड शिसवी, म्हणून आवाज गंभीर. ते महोगनी, म्हणून आवाज कोरडा. ही गिटार महाग, म्हणून गोड. ती स्वस्त, म्हणून बद्द. असे निर्णय तेथल्या तेथे दिले जातात. ज्याची गिटार साधी असते तो मनातल्या मनात खट्टू होऊन घरी जातो. या निर्णयांत तथ्य किती व समजूत किती, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण या समजुतीपायी कित्येक घरांतील पैसा खर्च होतो, कित्येक मुलांचा हिरमोड होतो, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, कित्येक झाडेही पडतात.

प्रथम गाण्याविषयी. दुसऱ्याने रचलेले व गाजविलेले गाणे आपण वाजविणे, याला इंग्रजी भाषिक देशांत ‘कव्हर’ म्हणतात. आपल्याकडील संगीताच्या श्रोत्यांना या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही. एकच बंदिश दहा गवई गातात, आणि त्यांतील प्रत्येकाने तिचे काय केले हे ऐकण्यातच रसिकाला गोडी असते. अमेरिकेत तर १९०९ सालच्या कायद्याने या प्रथेला एक व्यवस्थित वाट करून दिली. एखादे गाणे रचनाकाराच्या संमतीने एकदा यंत्रावर उतरले, की नंतर कोणीही प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन ते पुन्हा उतरवून घ्यावे, असा तो नियम होता. दराचा आकडा पुढे बदलला, तत्त्व मात्र टिकले. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये ‘सिंग आउट’ नावाचे एक नियतकालिक निघाले. त्यात गाण्याचे शब्द, स्वरलिपी व गिटारीवरील स्वरमेळांची चिन्हे छापून येत, आणि एका गावातील गाणे दुसऱ्या गावातील हौशी माणसाच्या हाती जाई.

दुसऱ्याचे गाणे उचलण्यास गिटार फार सोयीची आहे. पुष्कळशी लोकगीते तीन किंवा चार स्वरमेळांवर भागतात, आणि तेवढे स्वरमेळ नेटाने सराव केल्यास काही आठवड्यांत बोटांत बसतात. मूळ गायकाची पट्टी आपल्या गळ्याला मानवत नसेल, तर कॅपो नावाचा एक चिमटा दांडीवर आवळावयाचा. तो एक पडदा पुढे सरकविला की सर्व तारा अर्ध्या स्वराने चढतात. बोटांची ठेवण तीच राहते, आणि पट्टी मात्र बदलते. पडद्यांची मांडणीच अशी केलेली असते की, बाराव्या पडद्याशी तारेची लांबी बरोबर निम्मी व्हावी व वरचा षड्ज मिळावा. आणि मधले सर्व अर्धस्वर सारख्याच प्रमाणात चढत जावे. त्यामुळे एकच गाणे दहा गळे दहा पट्ट्यांत म्हणू शकतात. अशा वेळी दहा गिटारी एकापाठोपाठ एक ऐकू येतात, आणि त्यांची तुलना करण्याचा मोह अनावर होतो.

आता आवाज निर्माण होतो कसा, ते पाहू. गिटारीला सहा तारा असतात. सर्वांत जाड तार एका सेकंदात सुमारे ८२ आंदोलने करते व सर्वांत बारीक तार सुमारे ३३०. परंतु तार ही इतकी बारीक वस्तू आहे की, नुसती तार ताणून छेडली तर हाताच्या अंतरापलीकडे ती धड ऐकूही येणार नाही. ती हवेला कापीत जाते, ढकलीत नाही. हवा ढकलण्यास रुंद पृष्ठभाग पाहिजे. तो पृष्ठभाग म्हणजे वाद्याची तबली. तारांचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते, तबली वर-खाली हलू लागते, तिच्याखालील पेटीतील हवा गोल छिद्रातून आत-बाहेर श्वास घेऊ लागते, आणि मग आवाज खोलीभर पसरतो. मिरजेचा तंबोरा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तेथेही घोडी तबलीवरच बसविलेली असते, आणि तबलीच्या पातळपणावर कारागिराचे विशेष लक्ष असते.

गिटारीची तबली बहुधा स्प्रूस नावाच्या, पाइन-देवदारांच्या कुळातील झाडाच्या लाकडाची करतात. हे लाकूड वजनाला हलके परंतु तंतूंच्या दिशेने फार ताठ असते, आणि वाद्याला हेच दोन गुण एकत्र हवे असतात. येथे कारागीर एका विलक्षण पेचात सापडतो. पोलादी तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका असतो. हा सगळा भार जी फळी सोसते तिची जाडी अवघी तीन मिलिमीटरच्या जवळपास. फळी जाड ठेवावी तर वाद्य शंभर वर्षे टिकेल, पण मुके राहील. फार पातळ करावी तर आवाज मोकळा होईल, पण थोड्याच दिवसांत घोडीमागे फळी फुगून वाद्य निकामी होईल. यावर उपाय म्हणून तबलीच्या आतल्या अंगाला लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवितात. त्या बाहेरून दिसत नाहीत. पण गिटारीचे बरेवाईटपण पुष्कळ अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन गावाहून १८३३ साली अमेरिकेत गेलेला क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन व त्याच्या काळचे कारागीर यांनी १८४० नंतरच्या दशकात या पट्ट्या गुणाकाराच्या फुलीसारख्या लावण्याची पद्धत काढली. त्या वेळी तारा आतड्याच्या असत. पुढे पोलादी तारांचा प्रघात पडला, तेव्हा तो वाढलेला ताण पेलण्यास हीच फुली उपयोगी पडली, आणि आज पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत ती आढळते.

पेटीच्या आकारालाही महत्त्व आहे. १९१६ साली मार्टिनच्या कारखान्याने बोस्टनच्या एका पेढीसाठी रुंद कमरेची मोठी गिटार बनविली आणि १९०६ साली पाण्यात उतरलेल्या प्रचंड ब्रिटिश युद्धनौकेवरून तिला ‘ड्रेडनॉट’ असे नाव पडले. अशा पेटीत खर्जाचे स्वर भरीव येतात, म्हणून गाण्याच्या साथीला ती लोकप्रिय झाली. उलट, एकेक तार बोटांनी सुटी छेडणाऱ्याला लहान पेटी अधिक मानवते. तेव्हा मोठ्या व लहान पेटीची तुलना करून एकीला उजवी व दुसरीला डावी ठरविणे, हे झांज व बासरी यांची तुलना करण्यासारखेच होय.

एवढे सांगितल्यावर एक प्रश्न उरतो, आणि हौशी मंडळींचा सर्वांत मोठा वाद त्यावरच असतो. पाठीच्या व बाजूंच्या लाकडाने आवाजात किती फरक पडतो? स्पेनमधील आल्मेरिया येथील अंतोनियो दे तोरेस या कारागिराने या प्रश्नाला फार पूर्वी कृतीने उत्तर दिले होते. तोरेस १८१७ साली जन्मला आणि १८९२ साली वारला. तो मूळचा सुतार. आजच्या स्पॅनिश पद्धतीच्या गिटारीचा आकार व घडण मुख्यतः त्याचीच समजतात. आवाजाचे मर्म तबलीत आहे अशी त्याची खात्री होती, आणि ती इतरांना पटविण्यासाठी १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची तबली त्याने नेहमीप्रमाणे उत्तम लाकडाची ठेवली, पण पाठ व बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या केल्या. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. स्वतः तोरेस मौल्यवान लाकडे वापरीत नसे असे नाही. ती दिसण्यास सुंदर असतात व टिकतात. परंतु आवाजाचे श्रेय कोणाला द्यावयाचे याविषयी त्याच्या मनात संभ्रम नव्हता.

तोरेसने जे एका वाद्याने सुचविले त्याची कसोटी दीडशे वर्षांनंतर अधिक काटेकोरपणे घेण्यात आली. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एका अनुभवी कारागिराकडून सहा गिटारी मुद्दाम बनवून घेतल्या. आराखडा एक, तबलीची जात एक, तारा एक. फरक एवढाच की पाठ व बाजू निरनिराळ्या लाकडांच्या. त्यांत ब्राझीलची अतिमूल्यवान शिसव होती, भारतातील शिसव होती, महोगनी व मेपलही होते. मग ५२ गिटारवादकांना एकेक करून बोलावले, खोलीत उजेड मंद ठेवला, त्यांच्या डोळ्यांवर वेल्डिंग करणाऱ्यांचे काळे चष्मे चढविले, आणि प्रत्येक वाद्य वाजवून गुण देण्यास सांगितले. त्याचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखे होते. सर्वांत महाग लाकडाला विशेष पसंती मिळाली नाही व स्वस्त लाकडाला कोणी नापास केले नाही.

या प्रयोगाचा अर्थ जितका आहे तितकाच घेतला पाहिजे. सर्व गिटारी सारख्याच वाजतात असे त्यावरून सिद्ध होत नाही. तबली, आतल्या पट्ट्या, पेटीचा आकार व कारागिराचा हात हे बदलले की आवाज बदलतो, यात शंका नाही. अखंड फळीच्या तबलीऐवजी आडव्या-उभ्या पापुद्र्यांची प्लायवुडची तबली लावली, तर आवाज बहुधा दबतो, हाही अनुभव खरा आहे. प्रयोगाने दाखविले ते एवढेच की, ज्या पाठीकडे पाहून मेळ्यात निकाल दिला जातो तिचा वाटा, डोळे झाकले असता, कानाला फारसा सापडत नाही. डोळे उघडे असले म्हणजे मात्र तो मोठा वाटतो. कारण त्या वेळी कानाआधी लाकडाची कीर्ती व किंमत ऐकू येते.

ही गोष्ट केवळ वादापुरती राहती तर तिला एवढे महत्त्व नव्हते. परंतु ब्राझीलची शिसव तोडता तोडता इतकी दुर्मिळ झाली की, १९९२ साली आंतरराष्ट्रीय कराराने तिच्या व्यापारावर अत्यंत कडक बंदी घालावी लागली. त्याआधीच, १९६९ साली, मार्टिनच्या कारखान्याने आपल्या नेहमीच्या वाद्यांसाठी भारतातील शिसव घेण्यास प्रारंभ केला होता. आणि पुढे इतर अनेक कारखान्यांनीही तीच वाट धरली. ही शिसव म्हणजे आपल्या सह्याद्रीत व दक्षिणेकडील अरण्यांत वाढणारे, जुन्या वाड्यांतील झोपाळ्यांतून व कपाटांतून आपण ओळखतो तेच झाड. ते सावकाश वाढते, आणि आज त्याचीही गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या यच्चयावत् जाती आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी लाकडावरील नियंत्रण राहिले. शिसवीचा उपयोग सर्वांत अधिक लाकूडसामानासाठी झाला, वाद्यांचा वाटा त्या मानाने लहानच. तथापि ज्या गुणासाठी वादक या लाकडाचा हट्ट धरतात तो गुण झाकल्या डोळ्यांनी सापडत नसेल, तर हा हट्ट सोडण्यात संगीताचे नुकसान नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग तुलना करूच नये काय? अवश्य करावी, मात्र रीतीने करावी. पहिली गोष्ट तारांची. घाम व मळ बसून तारा जुन्या झाल्या की त्यांतील वरचे सूक्ष्म स्वर मरतात, आणि उत्तम वाद्यही बद्द वाजते. नव्या तारांची साधी गिटार व सहा महिन्यांच्या तारांची मोलाची गिटार यांचा सामना लावून साधीला जिंकविणे मुळीच कठीण नाही. म्हणून दोन्ही वाद्यांवर एकाच जातीच्या व जाडीच्या नव्या तारा असाव्या व ती एकाच पट्टीत मिळविलेली असावी. दुसरी गोष्ट छेडण्याची. घोडीजवळ छेडल्यास आवाज तिखट येतो, छिद्रावर छेडल्यास गोल येतो. नखीने एक, बोटाने दुसरा. म्हणून एकाच माणसाने, एकाच जागी, एकच गाणे दोन्ही वाद्यांवर वाजवावे. ऐकणाऱ्याने समोर बसून पाठ फिरवावी. कारण गिटारीचे तोंड श्रोत्याकडे असते, आणि वाजविणाऱ्याला ऐकू येणारा आवाज समोरच्याच्या आवाजाहून निराळा असतो. कित्येकांना आपले वाद्य प्रथमच खऱ्या अर्थाने ऐकू येते ते दुसऱ्याने वाजविल्यावर.

तिसरी गोष्ट हवेची. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. हवेत निम्म्याच्या जवळपास, म्हणजे सुमारे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता असावी, असे गिटारीचे कारागीर सांगतात. मुंबईच्या, गोव्याच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात ती याहून कितीतरी वर जाते. तबली फुगते, तारा उचलल्या जातात व आवाज जड होतो. विदर्भाच्या वैशाखात याच्या उलट होऊन लाकूड तडकण्याचा संभव असतो. तेव्हा आषाढात दादरला वाजविलेली गिटार वाईट ठरविण्यापूर्वी तीच कार्तिकात एकदा ऐकावी. वाद्य पेटीत बंद ठेवणे व पेटीत ओल शोषणारी पुडी घालणे, एवढ्यानेही पावसाळ्यात पुष्कळ रक्षण होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून मेळ्यात तिची चर्चा सर्वांत कमी होते. ती म्हणजे पडद्यांपासून तारांची उंची. पोलादी तारांच्या गिटारीत बाराव्या पडद्याशी ही उंची दोन ते अडीच मिलिमीटर असली म्हणजे बोटांना सुख वाटते. स्वस्त गिटारींत ती पुष्कळदा याच्या दीडपट-दुप्पट असते. मोठ्या हौसेने आणलेल्या गिटारीवर मूल पंधरा दिवस बसते, बोटांची अग्रे सोलतात, स्वरमेळ स्वच्छ उमटत नाही, आणि ‘आपल्याला संगीताचे अंग नाही’ असे ठरवून ते वाद्य कपाटावर टाकते. पालकही ‘हौस फिटली’ म्हणून गप्प बसतात. वस्तुतः पुष्कळ वेळा घोडीवरील हाडाची पट्टी खालून थोडी घासून घेणे व दांडीचा बाक सारखा करणे, एवढेच काम असते. आणि वाद्ये दुरुस्त करणारा कारागीर ते थोड्या वेळात, नव्या गिटारीच्या किमतीच्या अल्प अंशात करून देतो. घरात अशी गिटार पडून असेल तर नवी आणण्याआधी ही एक चौकशी अवश्य करावी. लाकडाच्या वादात जेवढी बुद्धी खर्च होते तिचा शतांश इकडे वळला, तर कित्येक हात वाद्यापासून दूर जाणार नाहीत.

अशी रीतसर तुलना केली म्हणजे एक गोष्ट हटकून प्रत्ययास येते. दोन वादकांनी आपापल्या गिटारी अदलून बदलून तेच गाणे पुन्हा म्हटले, तर श्रोत्याला वाद्ये बदलल्यापेक्षा माणसे ओळखू येतात. ज्याचा ठेका दमदार तो परक्या वाद्यावरही दमदारच वाजतो. ज्याचे बोट हळुवार पडते त्याचा हळुवारपणा त्याच्याबरोबर जातो. दुसऱ्याचे गाणे वाजविण्याच्या प्रथेचा उपयोग येथे कळतो. गाणे सर्वांचे एकच असल्यामुळे प्रत्येकाच्या हातातला फरक त्यावर स्पष्ट उमटतो, आणि त्या फरकापुढे लाकडाचा फरक लहान वाटू लागतो.

वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कारंज्याभोवती १९६१ साली जे लोक परवान्यासाठी भांडले ते मोलाच्या वाद्यांसाठी भांडले नव्हते. एकाने म्हणावे व दुसऱ्याने उचलावे, यासाठी मोकळी जागा त्यांना हवी होती. तेव्हा ज्याच्या घरी साधी गिटार आहे त्याने मेळ्याहून खट्टू होऊन परतण्याचे कारण नाही. तारा नव्या घालाव्या, उंची नीट करून घ्यावी, आणि पुढच्या खेपेस शेजाऱ्याचे गाणे शिकून जावे.